एक सूत कमी

कारखाना, दुपारची सुट्टी
३ ऑगस्ट

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावर फक्त तुझं नाव आहे म्हणून शेफारून जाऊ नकोस. तुझ्याकडे एक काम आहे आणि ते गुपचूप करायचं आहे. तुझ्या आईला यातलं अक्षरही कळता कामा नये. कळलं तर ती मिळेल त्या गाडीने इथे हजर होईल आणि मला सामानासकट उचलून तुमच्याकडे नेईल.

झालंय असं, की माझा उजवा खांदा रुसलाय. रंधा मारणं बंद, जड फळ्या उचलणं बंद, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. तेहतीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला एवढं सांगायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही. मालक भले आहेत, वर्षअखेरीपर्यंत राहा म्हणाले. पण रंधा न मारणारा सुतार कोण किती दिवस ठेवणार? इथल्या शाळेला सुतारकाम शिकवायला माणूस हवा आहे. उचलायचं मुलांनी, सांगायचं मी. ही जागा मला मनापासून हवी आहे, मुंगी. लाकडाच्या वासाशिवाय मी दिवसभर काय करू, मला खरंच माहीत नाही.

अडचण एकच. दहा ऑक्टोबरला लेखी परीक्षा आहे. पंचवीस गुणांची, पंधरा मिळाले तर पास. आणि सगळी गणितं अपूर्णांकांची, तुम्हाला पाचवीत आहेत तीच. मी तर चौथीतच शाळेला रामराम ठोकला. तोंडी मला सगळं येतं. अर्धा आणि पाव मिळून पाऊण, हे मला झोपेतून उठवून विचार. पण कागदावर एकाखाली एक आकडे आणि मध्ये रेघ दिसली की माझं डोकं संपावर जातं. पुस्तकात ‘पूर्णांकयुक्त अपूर्णांक’ असा शब्द भेटला. तो वाचून होईपर्यंत चहा गार झाला.

पहिलं गणित मी करून बघितलं: १/२ + १/४ = २/६. बरोबर आहे ना? मला शिकवशील? तू गणितं पाठव, मी सोडवून पाठवीन, चुका लाल पेनाने दाखव. हसलीस तर चालेल, पण एकटीच हस.

माझ्यावर तुझा लोभ आहेच, आता थोडी दयाही असू दे.

तुझा
मामा

*

घर, गॅलरी
९ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हसले. एकटीच हसले, पण इतकी हसले की शेजारच्या काकूंनी पोट दुखतंय का म्हणून विचारलं.

अरे मामा, तू तोंडाने पाऊण म्हणालास आणि हाताने २/६ लिहिलंस! २/६ म्हणजे तिसरा हिस्सा. तो अर्ध्याहूनही कमी. अर्ध्यात आणखी पाव घातल्यावर अर्धा लहान होईल का? तुझं तोंड हुशार आहे आणि हात ढ आहे. म्हणून नियम पहिला: आधी उत्तर मोठ्याने म्हणायचं, मग लिहायचं.

नियम दुसरा. रेघेखालचा आकडा म्हणजे छेद, एका इंचाचे किती भाग केले ते. रेघेवरचा म्हणजे अंश, त्यातले आपण किती घेतले ते. चार भागांतले तीन घेतले की तुझा पाऊण झाला, ३/४. छेद निरनिराळे असले तर आधी सारखे करायचे. अर्धा म्हणजे २/४, त्यात १/४ घातला की झाले ३/४. छेदांची बेरीज करायची नाही, केलीस तर मी शिकवणी बंद करीन. आणि पूर्णांकयुक्त अपूर्णांक म्हणजे नुसता अडीच. दोन पूर्ण, वर अर्धा: २ १/२. एवढ्यासाठी चहा गार करायची गरज नव्हती.

तुला आवडतील अशी लाकडाची गणितं देते.

१. २ १/२ इंच आणि १ ३/४ इंच लांबीच्या दोन पट्ट्या एकापुढे एक ठेवल्या, तर एकूण किती?
२. १० १/२ इंचांच्या पट्टीतून ३ ३/४ इंचांचा तुकडा कापला, तर किती उरेल?
३. ९ इंचांच्या पट्टीतून आधी २ १/४ आणि मग १ १/२ इंचांचा तुकडा कापला, तर किती उरेल?

आईला काही सांगितलेलं नाही. खांदा शेक. माझ्यावर लोभ ठेव, गणितावरही थोडा ठेवून बघ.

तुझी बाई (म्हणजे मुंगी)

*

कारखाना
२० ऑगस्ट

चि. मुंगीबाईंस,
अनेक आशीर्वाद, शिवाय एक नमस्कार.

उत्तरं सोबत पाठवतो आहे. १. ४ १/४. २. ६ ५/८. ३. ५ पूर्ण.

आधी मोठ्याने म्हणायचा नियम पाळला. शेजारच्या बाकावरचा पॉलिशवाला विचारत होता, खांद्याचं दुखणं डोक्यात तर चढलं नाही ना. पण मुंगी, मजा येते गं! सव्वाचार मी हजार वेळा मापला असेन, पण असा कागदावर पहिल्यांदाच उतरला. कानावरची पेन्सिल आता गणितालाही लागते. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत याबद्दल मला जराही शंका नाही.

लाल पेन विकत घेतलं असशील तर ते वाया गेलं, असं समज. लोभात काटकसर नको.

मामा

*

घर
२७ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

लाल पेन वाया गेलेलं नाही. पहिलं बरोबर, बाकी दोन्ही चूक. पण चूक फार विचित्र आहे आणि दोन दिवस मी तिच्याच मागे लागले आहे.

साडेदहातून पावणेचार गेले की पावणेसात उरतात. तू ६ ५/८ लिहिलंस, म्हणजे बरोबर १/८ कमी. तिसऱ्याचं उत्तर सव्वापाच आहे, तू पाच लिहिलंस. तिथे १/४ कमी, म्हणजे २/८. एकदा एक आठवा भाग गेला आणि एकदा दोन. धांदरटपणाने चुकणारा माणूस कुठेही चुकतो. तू मात्र मापून चुकतोस. बेरजेत चुकत नाहीस, वजाबाकीत चुकतोस. मामा, तो आठवा भाग तू कुठे ठेवतोस?

मी आमच्या बाईंनाही विचारलं, तुझं नाव न घेता. त्या म्हणाल्या, आकडेमोडीत गडबड असेल, पुन्हा कर म्हणावं. पण गडबड अशी रांगेत उभी राहत नाही. मला हे शोधून काढायचंच आहे. म्हणून पुन्हा तीन वजाबाक्या देते. कारण विचारू नकोस, नुसती उत्तरं पाठव.

१. ४ १/२ लिटर दुधातून १ ३/४ लिटर काढलं.
२. १२ १/४ इंचांच्या रिबिनीतून ५ १/२ इंच कात्रीने कापली.
३. ७ इंचांच्या काठीतून २ १/२ इंचांचा तुकडा कापला.

लोभ पूर्णांकात असावा.

मुंगी

*

कारखाना
४ सप्टेंबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

दूध २ ३/४. रिबीन ६ ३/४. काठी ४ ३/८.

मला वाटलं होतं जमलं. तुझं पत्र आल्यापासून मन खट्टू आहे. साध्या वजाबाकीत चाळिशी ओलांडलेला माणूस चुकतो आणि का चुकतो हेही त्याला कळत नाही. परीक्षेत कापाकापीचीच गणितं येणार, सुतारकामाची शाळा ती. काल मालकांनी माझ्या बाकावर एक नवा माणूस उभा करून बघितला. चांगला आहे, हात सफाईदार आहे. मी त्याला रंध्याचं पातं कसं लावायचं ते दाखवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. भीती वाटते, मुंगी. तुला लिहू नये, पण दुसरं कोणाला लिहू?

तुझाच
मामा

*

घर
११ सप्टेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

सापडला! सापडला! तुझा आठवा भाग सापडला!

दूध बरोबर, रिबीन बरोबर, काठी चूक. म्हणजे लाकूड आलं की तू चुकतोस. आणि बेरजेत लाकूड होतं तरी चुकला नव्हतास, म्हणजे लाकूड कापलं की चुकतोस. इथपर्यंत आले आणि अडकले. तेवढ्यात अंगणात माळीकाका एक वाळलेली फांदी कापत होते. खाली भुसा पडला. मी विचारलं, हा कुठून आला? ते म्हणाले, करवतीने खाल्लं ते. मी तिथेच उडी मारली.

मग खात्री केली. माळीकाकांकडून करवत मागून घेतली आणि माझी शाळेची लाकडी पट्टी बरोबर सहाच्या रेघेवर कापली. दोन्ही तुकडे परत जोडून शिवणाच्या टेपने मोजले. बारा भरेनात! जवळजवळ ११ ७/८ भरले. सहाचा आकडा तर जागेवरच नाही, सगळा भुशात गेला.

मामा, तू चुकत नाहीस. तू प्रत्येक वेळी करवतीने खाल्लेलं वजा करतोस. एक काप, एक आठवा भाग. दोन काप, दोन आठवे. कात्री काही खात नाही, म्हणून रिबीन बरोबर आली. हे तुला स्वतःलाच माहीत नव्हतं, हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

आता नियम तिसरा आणि शेवटचा: कागदाच्या फळीला भुसा पडत नाही. परीक्षेला जाताना करवत घरी ठेवून जायची. सोबत वीस वजाबाक्या आहेत.

पट्टीवरून आईने खूप सुनावलं. कशाला कापलीस म्हणून खोदून खोदून विचारलं आणि मला सगळं सांगावं लागलं. तिने तुझी पत्रं वाचली. रागावू नकोस. लोभ करवतीला खाऊ देऊ नकोस.

मुंगी

*

घर
१३ सप्टेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझा खांदा गेला हे मला मुलीच्या मोडक्या पट्टीवरून कळावं? पहिल्या दिवशी मी बॅग भरायला घेतली होती, हे तू बरोबर ओळखलंस. मग तुझं चार तारखेचं पत्र पुन्हा वाचलं आणि बॅग परत रिकामी केली. मी तुला उचलून आणायची नाही. मी तुझ्यासाठी कामं केली की तुझं काय होतं, ते मला माहीत आहे.

तुला आठवत असेल. चौथीत तुझी अपूर्णांकांची वही मीच भरायचे. तू खेळायला पळायचास आणि मी तुझ्यासारखं वाकडं अक्षर काढून उत्तरं लिहायचे. वहीवर तुला शाबासकी मिळायची आणि मला वाटायचं, मी किती चांगली बहीण. वार्षिक परीक्षेत वही नव्हती आणि मीही नव्हते. तू नापास झालास, बाबांनी तुला कारखान्यात घातलं. वही मी भरायचे, हे घरात कधी कबूल केलं नाही. एवढी वर्षं अपूर्णांक हा शब्द ऐकला की मी विषय बदलते. माफ कर.

मुलगी म्हणते, मामाला सगळं येतं, फक्त कागदावरचं लाकूड खोटं असतं हे माहीत नव्हतं. तिच्या वीस वजाबाक्यांची उत्तरं मला येतात. मी सांगणार नाही.

खांद्यावरचं मलम पाठवते आहे. लोभ जुनाच आहे.

तुझी
ताई

*

कारखाना
११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परीक्षा काल झाली. मलमाने आराम आहे.

करवत घरी ठेवून गेलो होतो. नऊ गणितं नीट केली, मोठ्याने म्हणता येईना म्हणून ओठांतल्या ओठांत म्हणत. दहावं आलं: २२ १/२ इंचांच्या फळीतून ७ १/२ इंचांचे किती तुकडे कापता येतील? मी तीन लिहिलं. कागदावर तीनच. पेन खाली ठेवलं, पण ते तीन मला बघवेना. उद्या एखादं पोर त्या भरवशावर फळी कापायचं. शेवटी खाली लिहिलंच: “प्रत्यक्षात तिसरा तुकडा पाव इंच आखूड भरेल. दोन काप, दोन सूत भुसा.” इंचाच्या आठव्या भागाला आम्ही सूत म्हणतो, तेही कळवलं. पेपर दिला आणि घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या. मुंगीने बजावून सांगितलं होतं आणि मी शहाणपणा केला. तिला लगेच सांगू नकोस.

माफीचं म्हणशील, तर ताई, तू वही भरायचीस तेव्हा मी खेळायला नाही, कारखान्याच्या कुंपणापाशी उभा असायचो. भुशाचा ढीग बघायला. तुला कधी सांगितलं नाही. एवढं आपलं दोघांचं फिटलं.

लोभ आहे, तो मला पुरून उरतो.

भाऊ

*

शाळा, सुतारकामाची खोली
२ नोव्हेंबर

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वरचा पत्ता बघितलास ना? पुन्हा एकदा बघ.

साडेअठरा गुण मिळाले. दोन गणितांत छेद सारखे करायचेच विसरलो होतो, ते तुझ्या शिकवणीला शोभणारं नाही. दहाव्या गणितासाठी गणिताच्या सरांनी मला बोलावून घेतलं. मी मान खाली घालून गेलो. ते म्हणाले, हे गणित ते बारा वर्षं देताहेत. घरी त्यांनी स्वतः तीन फळ्या अशाच कापल्या होत्या, तिसरी आखूड पडली, आणि का पडली हे त्यांना त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं. घरच्यांकडून ते आजवर बोलणी खात आले होते. पुढच्या वर्षी गणितात ‘भुसा सोडून’ असे दोन शब्द घालणार आहेत.

पहिल्या तासाला मुलांना तुझा पट्टीचा प्रयोग करायला दिला. सगळ्यांनी एकेक पट्टी कापली, जोडली, मोजली आणि मग सगळी एकमेकांना विचारत बसली, उरलेलं कुठे गेलं. उत्तर त्यांचं त्यांनाच शोधू दिलं. एका मुलीने वाकून बाकाखाली बघितलं, तेव्हा मला तू दिसलीस आणि डोळे भरून आले.

सोबत नवी पट्टी पाठवतो आहे. रंधा मुलांनी मारला, आकडे मी कोरले. एकूण लांबी टेपने मोजून घे. १२ १/८ भरेल. शेवटच्या रेघेपुढे एक सूत मुद्दाम जास्त ठेवलं आहे. तुला काहीतरी शोधायचं असलं की तू ही पट्टीही कापणार, हे मला माहीत आहे. कापलीस तरी जोडल्यावर बारा भरायला हवेत.

लोभ असाच असावा, बाराच्या वर एक सूत.

तुझा विद्यार्थी
मामा