दाढेच्या इंजेक्शनावर मेंढरांचा इलाज

४ मार्च १९९६, सोमवार
दाढ सुजली. सांगलीचा दाताचा डॉक्टर म्हनला, आधी हिरडीत इंजेक्शन, मग दाढ उपटू. मी भीत न्हाई. पन सुई जरा जास्तच लांब हुती. म्हनून खुर्चीतनं उतरून एसटी स्टँडवर जाऊन बसलो. आबा म्हनतात पळालास. पळालो न्हाई, जोरात चाललो. आता गुरुवारी परत. आबा म्हनलं, ह्या खेपंला दावं बांधून नेतो.

५ मार्च, मंगळवार, दुपार
शोध लागला! मेंढरांना लस टोचायला ढोरांचा डॉक्टर आलता. मागं दोन चापट्या मारतो, तिसरीसंगं सुई. मेंढरू मुंडीबी वळवत न्हाई. डॉक्टर म्हनला, ध्यान चापटीकडं जातंय रं. मग हे मानसाच्या पोरांना का न्हाई? सगळी पोरं माझं नाव काढतील. धाकटी बहीन राणी, वय सात, तिला चापटीवर नेमली. चापट चांगल्या गालावर, सुजलेल्याला हात लावायचा न्हाई. शपथ घातली.

सांजच्याला
प्रॅक्टिस. मी दंडाला बाभळीचा काटा टोचायचा, राणीनं गालावर हानायची. टायमिंग जमंना. काटाबी लागला, चापटबी. राणी म्हनती, दादा, आनि एकदा? पोरीला शिकायची लय हौस. मागल्या आठवड्यात मी तिची वेणी शेळीच्या दाव्याला बांधलेली, ते विसरली वाटतं.

६ मार्च, बुधवार
ठनकाय लागलंय. भाकरी दुधात कुस्करून गिळली. आयची तंबाखूची मिश्री हिरडीला चोळली, बधिर व्हईल म्हनून. घेरी आली, ओकलो. आय म्हनली, मुडद्या, तुला कुनी सांगितलंतं? हे फेल धरायचं न्हाई, मिश्री आपल्या प्लॅनमधी नव्हतीच.

७ मार्च, गुरुवार, सकाळी, एसटीत
चापटीसाठी राणीलाबी संगं घेतलीया. दाढ आपोआप बरी झाल्यागत वाटतंय. आबांस्नी सांगनार, तेवढ्यात खड्डा आला. बरी न्हाई झाली. देवा, एवढी सुई कळू देऊ नगस. कुनाच्या खोड्या काढनार न्हाई. काढल्या तर बारक्याच.

दुपार
डॉक्टरनं हिरडीला गोड जेली लावली. मग माझा गाल चिमटीत धरून हलवत विचारलं, घरी मेंढरं किती? डोळं मिटून मोजाय लागलो. सत्तावीसला आलो तर म्हनला, झालं इंजेक्शन. आता बधिर व्हायला दोन मिनिटं पड.
कळलंच न्हाई! आईशप्पथ!
तेवढ्यात राणी पळत आत आली. म्हनली, आता व्हय दादा? आनि हानली. समोरनं आली, त्यामुळं तिचा डावा-उजवा चुकला. म्हनं.
बोंब अशी मारली की बाहेर बसलेली तीन पोरं आयांसकट रस्त्यावर. डॉक्टर म्हनला, बाळा, सुई दुखली न्हाई असं तेवढं त्यांना सांग. सांगाय तोंड उघडलं तर हुंदकाच आला.

८ मार्च, शुक्रवार
दाढ गेली. गावभर झालंय, सूरज इंजेक्शनला रडला. दुखलंच न्हाई म्हनून सांगितलं, तर इचारतील, मग रडलास कशानं?
शाळेत पोरांनी घेरलं. सांगून टाकलं, इंजेक्शन लय दुखतंय गड्यांनो. लय म्हंजे लय.