माळखेड्याची शाळा कुठं भरवायची

सोमवार, ८ जुलै १९७४
माळखेड्याची शाळा तपासली. मागच्या भिंतीची भेग उन्हाळ्यात बोटाएवढी होती, आता पंजा आत जातो. चौथीची लेकरं त्याच भिंतीला टेकून पाढे म्हणत होती. माझे दोन अहवाल वर गेलेत, बांधकामवाले फिरकले न्हाईत. हेडमास्तर सोनुने गुरुजींना तिथंच लिहून दिलं, इमारत आजपासून बंद. सही वाकडी आली. वर्ग बसवायचे कुठं?

मंगळवार, ९
सरपंच आबासाहेब लगेच तयार. "मारुतीचं मंदिर हाय की. दगडी." ठरावही हातात दिला. सोनुने हळूच म्हणाले, "आन् बौद्धवाड्यातली लेकरं?"
आबासाहेब: "भाईर वट्ट्यावर बसतील. पाऊस आला तं जातील घरी."
अगदी सहज बोलले. त्यांच्याकडंच जेवून आलो.

गुरुवार, ११
ऑफिसात सखाराम आल्ता, माळखेड्याहून पायी. मजुरी करतो, पोरगी कमल चौथीत. खुर्ची दिली तरी उभाच.
"साहेब, शाळेत एका बसकरपट्टीवर बसतात लेकरं. मंग देवळात आमचीच भाईर कामून?"
वाड्यात विहाराची खोली आहे म्हणाला, वर टीन, भिंती पक्क्या. "तिथं भरवा. साऱ्यांची."
"विचार करतो," म्हणालो. हे वाक्य मला फार जल्दी सुचतं.

शनिवार, १३
पन्नासेक शाळा माझ्याकडं, डोक्यात एकच. बायको, सुमन, म्हणाली, "बदली केली तुमची, तर पोरींचं काय?" भाकरी थापता थापता परत, "ती खोली पाह्यली का तुम्ही?"
न्हाई पाह्यली.

सोमवार, १५
हसनाबादपर्यंत एस.टी., पुढं सायकल. खोली पाहिली. कोरडी, सारवलेली, उजेड बराबर. चारही वर्ग दाटीनं मावतील. सखारामच्या बायकोनं चहा आणला. घेतला. पण घेताना हात क्षणभर थांबला. सखारामनं पाहिलं. मी पाहिलं की त्यानं पाहिलं.
तिथंच आदेश लिहिला. शाळा गुरुवारपासून विहाराच्या खोलीत, सर्व मुलांची.

मंगळवार, १६
पंचायत समितीच्या सभापतींचं बोलावणं. चारचौघांत: "गावात आग कामून लावून राह्यले तुम्ही? मंदिराचा ठराव हाय ना?"
मुलांना बाहेर बसवता येणार न्हाई, एवढं कसंबसं म्हणालो.
"परवापर्यंत आदेश मागं घ्या."
हो म्हणालो न्हाई. न्हाई पण म्हणालो न्हाई.

बुधवार, १७
निरोप आला, पहाटे शाळेची ती भिंत पडली. आत कुणी नव्हतं. वाटलं, आता तरी गाव ऐकेल.

गुरुवार, १८
न्हाई ऐकलं. वाड्यातली चौदा लेकरं, आणि सोनुन्यांच्या दोन पोरी, त्यांनी स्वतः हाताला धरून आणलेल्या. बस. बाकीचं गाव मंदिराच्या पारावर बसून आमच्याकडं बघत होतं.
कमलनं विचारलं, "गुरुजी, बाकीच्यांची सुट्टी हाय का?"
सोनुन्यांनी फळ्याकडं तोंड फिरवलं.

सोमवार, २२
तेच. सोनुन्यांचं दूध बंद केलंय गावानं. त्यांनी सांगितलं न्हाई, सखाराम बोलला. गुरुजींना म्हणालो, सोय करतो बदलीची. चिडले. "साहेब, तुम्ही आदेश काढला. आता मलाच हलवता?"


बुधवार, २४
आज तीन नवी! आबासाहेबांच्या शेजारची गंगूबाई नातवाला घेऊन आली, मागं आणखी दोघं. दारातच उभी राह्यली. म्हणाली, "ह्याचा बाप नगं म्हन्तो. पन ह्याला वाचाया येया लागलंय, आता कुठं मोडू?" तिनं उंबरा ओलांडला न्हाई. नातू मात्र उडी मारून आत, कमलच्या शेजारी.

गुरुवार, २५
टपालानं वरच्या ऑफिसचा कागद. गावाचा ठराव डावलून शाळा अन्यत्र का भरवली, तीन दिवसांत खुलासा करा.
सुमनला वाचून दाखवला. म्हणाली, "लिहा ना, गावात एकच पक्की खोली होती."
सोपं आहे. पण मंदिरही पक्कंच आहे.

शनिवार, २७
चार कागद फाडले. शेवटी एकच ओळ ठेवली: मंदिरात सर्व मुले आत बसू शकली नसती, म्हणून.
सुमननं वाचलं, पाकीट आणून दिलं. स्वतः पोस्टात टाकून आलो.
सोमवारी माळखेड्याला जायचंय. गंगूबाईचा नातू परवा आला नव्हता म्हणे. ताप आहे का बापानं अडवलंय, सोनुन्यांनाही ठाऊक न्हाई.