अळशीचं तेल

बडोदे, वसुबारसेची संध्याकाळ, २००९

मुलानं मागच्या व्हरांड्यात खाली जमिनीवर नव्या फळ्या बसवल्यात. दिसायला लाकूड, आत निम्मं प्लास्टिक. आज मी त्या पुसल्या आणि घरच्या सवयीनं वर अळशीचं तेल चोळलं. हे होते तोवर दर दिवाळीआधी सागवानी झोपाळ्याला लावायचे, तसंच. झोपाळा सकाळपर्यंत सगळं तेल पिऊन टाकायचा. ह्या मेल्या फळ्या थेंबभर पिईनात!

सून घसरता घसरता वाचली. "अरे आई, ह्या फळ्यांना तेल नसतं लावायचं, नुसतं साबणाचं पाणी!" मला वाकू दिलं नाही, एकटीनं घासून काढलं. इतकं साधं मला का सुचू नये?

पण हाताला तो वास. दिवाळीआधी ह्यांच्या हाताला यायचा, तोच. जेवायच्या आधी उजवा हात धुतला. डावा अजून तसाच ठेवलाय.