नाव कमी करणे

५ नोव्हेंबर २००७, वेल्हे
आले बाई एकदाची! भोरहून एसटी बदलत येताना अंग आंबून गेलं, पण नोकरी लागल्यावर तक्रार कसली. कुंडलिकरावांचं ऑफिस तहसील कचेरीसमोरच आहे. मोबाइलच्या दुकानात रिचार्जच्या वहीत लोक नंबर लिहितात, ते कॉम्प्युटरवर चढवायचे आणि सगळ्यांना जाहिरातींचे मेसेज धाडायचे. पहिला मेसेज भोरला धाकटीलाच पाठवला. तिचा लगेच फोन, की आपा, ही नोकरी आहे का लोकांचं डोकं खाणं!

१२ नोव्हेंबर
नवा नियम आलाय. ज्याला जाहिराती नकोत, त्याचं नाव यादीतून काढायचं. अर्जावर काय मथळा द्यावा सुचेना. कुणी वारलं की रेशनकार्डासाठी लिहितात तेच छापलं, ‘नाव कमी करणे’. कुंडलिकराव म्हणाले, पोरी, जित्या माणसाचं नाव कमी करतीस व्हय! पहिला अर्ज विंझरच्या चंद्राबाईंचा. लई मेसेज येत्यात, जीव नकोसा झालाय, म्हणत होत्या. लगेच कमी केलं.

१७ नोव्हेंबर
भोरचा गठ्ठा आला, साठ अर्ज. डोळ्यांची आग होतेय. नावं वाचलीच नाहीत, नुसते नंबर टाकून सगळे कमी केले.

१९ नोव्हेंबर
अर्जावर चंद्राबाईंचा अंगठा राहिला होता, म्हणून विंझरला उतरले. सून म्हणाली, कोण चंद्राबाई? हितं आमी दोगंच ऱ्हातो. दारात म्हातारीच्या चपला होत्या. कुणाच्या म्हणून विचारलं, तर ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मला तिथं उभं राहवेना.

२० नोव्हेंबर
भोरचा गठ्ठा पुन्हा चाळला. धाकटीचा अर्ज आहे. तिचंच अक्षर. खाली लिहिलंय, आपा, आता तरी सोड मला.
माझ्या हातानं केलं. न वाचता.
तिचा नंबर अस्तित्वात नाही म्हणे. अम्मीला फोन लावला. अम्मी म्हणाली, तू एकुलती एक, तुला कुठली बहीण?

२१ नोव्हेंबर
नाव परत चढवायला गेले — कॉम्प्युटर घेत नाही. दहादा केलं. कुंडलिकराव विचारतात, कुणाला शोधतीस? सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं.

२२ नोव्हेंबर
तिचे केस लांब होते की — हसताना ती —
या अल्लाह. मीपण विसरतेय.

२३ नोव्हेंबर
खूप थकलेय. झोपायचं नाही. झोपले तर जाईल. आत्ता आठवतंय तोवर लिहून ठेवते. मला एक धाकटी बहीण आहे. तिचं नाव आ