पंधरावा गणवेश

मी, खाली सही करणारी बाई, वय शहात्तर, धंदा शिवणकाम, राहणार शाळेसमोरचे दुमजली घर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. ज्याला माझ्या डोक्याबद्दल शंका असेल त्याने समोर यावे. मी अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते.

१. शिवणयंत्र सुनेला. तिने कधी मागितले नाही, म्हणून तिलाच. मोठी कातर मुलीला. ती सातासमुद्रापार गेली. आता तिथली नवखी ती. ज्या म्हाताऱ्याने तिला तिथे पहिली खोली दिली, त्याचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

२. कोपऱ्यावरच्या वाण्याला काही नाही. आम्ही नवराबायको या गावात आलो तेव्हा त्याच्या बापाने गल्लीभर सांगितले होते, की यांना घर देऊ नका, वर्षभरात पळतील. आज त्याच्याच तीन नातवंडांच्या अंगावर माझी शिलाई आहे. एवढा सूड पुरे.

३. गणवेशांच्या मापांची वही शाळेला. पहिल्या वर्षी पंधरा मुले, यंदा तीनशे बारा. गावातली तरुण मंडळी पोटामागे बाहेर गेली, मागे म्हातारे उरले. मग आमच्यासारखे आले, कापडगिरणीत लागले, आणि आमच्या पोरांनी वर्ग भरले. पुढे त्यांची लग्ने इथल्यांशी झाली. गाव कोणाचे, असे विचारणाऱ्याने ती वही चाळावी. त्यातले एकूण एक माप मी घेतले आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

४. राहिले घर. माझा मुलगा आता शाळेच्या समितीवर आहे. आमच्या तळमजल्यावर आठ महिन्यांपूर्वी परगावचा एक पाववाला राहायला आला. त्याच्या मुलीला प्रवेश देऊ नये, शाळा आपल्याच मुलांना पुरत नाही, अशा अर्जावर मुलाची पहिली सही आहे. ती पाहून मला फार वाईट वाटले. म्हणून आजवर न सांगितलेले त्यालाच उद्देशून लिहिते.

बाळा, आम्ही इथे आलो त्या वर्षी, मुले चौदाच आहेत, पंधरा भरत नसतील तर शाळा बंद करा, असा हुकूम आला होता. मुख्याध्यापिकाबाई धापा टाकत आपल्या दारात आल्या. तू साडेचार वर्षांचा होतास, दाखल्यावर सहा लिहिले. तुझ्या बाबांची जुनी विजार उसवून, वाढत्या अंगासाठी शिवणीत चार बोटे माया सोडून मी तुझा गणवेश बेतला. ती शाळा तुझ्यामुळे वाचली.

घर मुलालाच मिळेल. पण पाववाल्याच्या मुलीला त्याने स्वतः हात धरून शाळेत घातले असेल तरच. नाहीतर घर शाळेला जाईल.

मेल्यावर धक्के देणे मला पटत नाही, म्हणून हे सगळे काल त्याला वाचून दाखवले. तो उठून खिडकीपाशी गेला. मग त्याने विचारले, "खालच्या पोरीचं वय काय?"

"सहा पूर्ण झालीत."

"मग खोटं लिहावं लागणार नाही," तो म्हणाला आणि चपला घालून खाली गेला.

अट तरीही कायम आहे. मी माझ्या मुलाला ओळखते.

ठिकाण : शिवणाची खोली
दिनांक : प्रवेशाच्या मुदतीचा शेवटचा दिवस
सही : शिंपीणबाई

साक्षीदार :
१. गिरणीचे निवृत्त डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत.
२. निवृत्त मुख्याध्यापिका. कलम चारमधल्या दाखल्यावर सहा हे वय मीच घातले होते.