लोखंडाचं पाणी

८ जुलै
अखेर उमटलं! पानं-फुलं ठेवून वाफवलेली कापडाची गुंडाळी सोडली तर सागाच्या कोवळ्या पानांची शीर न् शीर कापडावर आलेली. झेंडूच्या पाकळ्यांनीही मान राखला. कडेला लोखंडाचं पाणी फिरवलं – गंजके खिळे व्हिनेगरमध्ये मुरवून केलेलं – तशी रेघ काळीभोर झाली. मुलगा-सून कामावर. कौतुकाला नात तेवढी. 'आजी, मला पण' करत दिवसभर चिमणी माझ्या पायात पायात.

९ जुलै
सकाळपासून चिमणीला उलट्या. पाण्याचा घोटही टिकेना. सून धावत मागच्या, माझ्या रंगकामाच्या खोलीत गेली. लोखंडाच्या पाण्याची बाटली आडवी पडलेली, झाकण निघालेलं. ती माझ्यासमोर धरून म्हणाली, "आई, हे प्यायली का ती?"
झाकण मी लावलं होतं का? आठवत नाही. आठवतच नाही!
चिमणीला आणि ती बाटली घेऊन मुलगा-सून दवाखान्यात गेले.

१० जुलै
पोरीला सलाइन लावलंय. निपचित पडलीय. मुलगा मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.
दुपारी घरी आले आणि खोली रिकामी करायला घेतली. पानं, फुलं, भिजत घातलेली कापडं कचऱ्याच्या गाडीत. वाफेचं पातेलं भंगारवाल्याला. परवाचं कापड हातात घेऊन जरा थांबले. मग तेही टाकलं. फरशी घासत होते तेव्हा सून कपडे न्यायला आली. दारात उभी राहिली, काही न बोलता गेली.

१२ जुलै
चिमणी घरी आली. माझ्याकडे झेपावली. मीच हात मागे घेतले.

१७ जुलै
सून नजरेला नजर देत नाही. का द्यावी?

२१ जुलै
औषधाच्या दुकानात चिमणीचे डॉक्टर भेटले. म्हणाले, दूषित पाण्यानं झालं होतं, तुमच्या त्या बाटलीचा काही संबंध नव्हता. दाखल केल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सांगितलं की तुमच्या सूनबाईंना!
घरी येऊन तिला विचारलं. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "तेच सांगायला आले होते. तर तुम्ही फरशी घासत होतात. सगळं टाकून झालेलं. मग तोंडच उघडेना, आई."
चिमणीला कडेवर घेतलं. खाली ठेववेना.