सुराआधीचा श्वास

बाई, तुमच्याशी बोलायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि तीसुद्धा आधी तुम्ही सुरुवात केलीत म्हणून. निदान मला तसं वाटतं. घरात हे कुणाला सांगितलेलं नाही. नवरा आयटीतला, तो आधी माईक बदल म्हणेल. लेक चौदा वर्षांची आहे, तिला मराठी सगळं कळतं पण ती उत्तर जर्मनमध्ये देते, आणि हे सगळं जर्मनमध्ये ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

मी आता इंगोलश्टाटला असते. इथे गाड्यांचा मोठा कारखाना आहे, त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनिअर आहे आणि माझं काम ऐकण्याचं आहे. हसू नका. नव्या गाडीचं दार लावताना, वायपर फिरताना, खड्ड्यावरून जाताना जी कुरकुर होते ती नेमकी कुठून येते हे शोधून काढायचं. नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, इतका बारीक कान कुठे तयार झाला? मी कॉलेजचं नाव सांगितलं. सांगायला हवं होतं तुमचं कऱ्हाडचं स्वयंपाकघर. तानपुरा ज्वारीच्या डब्याला टेकवलेला, मी पाटावर, आणि तुम्ही परातीत भाकरी थापताय. तुम्ही पाठमोऱ्या असायचात, तरी माझा सूर केसभर उतरला की थापणं थांबायचं. आणि एक गोष्ट तुम्हाला स्वतःला ठाऊक होती की नाही कोण जाणे. आम्ही मुली गाणार त्याच्या आधी तुम्ही श्वास घ्यायचात. गायचो आम्हीच, तुम्ही नाही, पण श्वास तुमचा पहिला. लहानपणी विहिरीच्या पायरीवरून पडून तुमचं नाक वाकडं झालं होतं, त्यामुळे त्या श्वासाच्या शेवटी एक बारीक शीळ वाजायची. तिच्यावर आम्ही सूर लावायचो. एकदा मी घाईने, तोंडाने हवा ओढून सा लावला तेव्हा तुम्ही पिठाच्या हातांनी वळलात. "सूर मागनं येतो," म्हणालात. "आधी श्वास. तो खोटा असला की पुढचं सगळं खोटं. मग कितीही गोड गा." मी तेव्हा तेरा वर्षांची होते. वाक्य पाठ झालं, एवढंच.

गेल्या वर्षी शरद ऋतूत मी इथल्या फोल्क्सहोखशूलमध्ये गेले. म्हणजे लोकांसाठीची शाळा. नोकरी करणारे, निवृत्त झालेले, नव्याने आलेले, कुणीही जाऊन भाषा, शिवण, स्वयंपाक, काहीही शिकावं. मला जर्मनच्या वरच्या वर्गात नाव घालायचं होतं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, तो भरला. मग स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "आल्झो, असं बघा, शनिवारी सकाळी दहाला प्रौढांसाठी गायन आहे. एक जागा आहे." मी हो म्हणाले. का म्हणाले ते मला आजही सांगता येत नाही. पंचवीस वर्षांत मी न्हाणीघरातसुद्धा गुणगुणले नव्हते. लेकीला अंगाईऐवजी गोष्टी सांगून झोपवलं. आणि तिथे उभ्या उभ्या, छत्रीतून पाणी गळत असताना, मी फॉर्मवर सही केली.

वर्ग एका जुन्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर भरतो. आम्ही नऊ जण, आणि शिकवणाऱ्या बाई साठीच्या, चर्चमध्ये ऑर्गन वाजवून निवृत्त झालेल्या, उंच, पांढऱ्या केसांच्या, स्तुती न करणाऱ्या. तुम्हाला आवडल्या असत्या. तिसऱ्या शनिवारी त्यांनी एकेकाला चार ओळी गायला लावल्या. माझं झाल्यावर त्यांनी पियानोवरून हात काढले. मग म्हणाल्या, "आवाज कुणीतरी तयार केलेला आहे. पण तुम्ही दोनदा श्वास का घेता?"

मी म्हणाले, मी एकदाच घेते.

"नाही. आधी एक, लहान. मग तुमचा खरा. पुन्हा गा."

मी पुन्हा गायले, मुद्दाम लक्ष देऊन, एकच श्वास घेऊन. त्यांनी मान हलवली. "दोन."

माझ्या उजव्या हाताला एक म्हातारे गृहस्थ उभे राहायचे. आयुष्यभर बेकरी चालवलेले, भले मोठे हात, डावा कान पूर्ण गेलेला. म्हणजे माझ्याकडे त्यांचा बहिरा कान. पाचव्या की सहाव्या शनिवारी माझ्या लक्षात आलं की ते थोडे थोडे सरकत लांब जाताहेत. आमच्या दोघांमध्ये एका माणसाची जागा मोकळी राहू लागली होती. मला वाटलं, माझ्या कपड्यांना फोडणीचा वास येत असेल. परदेशात आपल्याला सगळ्यात आधी तेच वाटतं. सुट्टीत कॉफी घेताना मी विचारूनच टाकलं. ते लाजले. म्हणाले, "तसं नाही हो. मी जागा करून दिली."

"कुणाला?"

"ते मला माहीत नाही." त्यांनी डाव्या कानावर हात ठेवला. "या कानाने मला तरुणपणापासून काही ऐकू येत नाही. तुमच्या शेजारी उभा राहिलो की याच कानात कुणीतरी श्वास घेतं. शेवटी जरा शीळ वाजते. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

कागदी पेल्यातली कॉफी माझ्या हातावर सांडली. भाजल्याचं घरी आल्यावर कळलं.

त्या दुपारी मी वर्गातली सगळी रेकॉर्डिंग्ज ऐकली. वर्गातल्या बाई दर आठवड्याला फोनवर रेकॉर्ड करून घरी ऐकायला सांगतात, आणि मी तोवर एकदाही ऐकलं नव्हतं. हेडफोन लावले, संगणकावर आवाजाची रेघ उघडली, जशी रोज गाड्यांची उघडते. माझ्या प्रत्येक ओळीआधी दोन उंचवटे होते. दुसरा माझा. पहिला त्याच्या अर्धा सेकंद आधीचा, आणि त्याच्या शेवटी एक बारीक रेघ वर गेलेली. मी तो आवाज मोठा केला. ती शीळ मी हजार श्वासांतून ओळखली असती. आणखी एक गोष्ट दिसली आणि मी हेडफोन काढून ठेवले. सगळीकडे श्वास घेतल्याचा आवाज होता. सोडल्याचा कुठेच नव्हता.

आता ते सांगायला हवं, बाई. तुम्हाला ठाऊक आहे, तरी मी सांगायला हवं.

बारावीनंतर मी पुण्याला इंजिनिअरिंगला निघाले तेव्हा तुम्ही मला एक छोटा टेपरेकॉर्डर दिलात. "आता तू समोर नसणार. रोज टेप कर आणि ऐक. स्वतःचा आवाज ऐकायची लाज सोडलीस तरच शिकशील." पहिली कॅसेट तिथेच, स्वयंपाकघरात भरली. तानपुऱ्यावर तुम्ही, आणि मी भूपातली बंदिश गायले. पुण्याला गेल्यावर दोन महिने रियाज केला. मग सबमिशन, मग मैत्रिणी, मग नुसताच आळस. तिसऱ्या वर्षाला असताना कळलं की तुमच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढलं. गळ्याला भोक ठेवलं होतं, श्वास तिथून, बोलणं पाटीवर. आई म्हणाली, जाऊन ये. मी म्हणाले, परीक्षा झाली की जाते. परीक्षा झाली, आणि मी मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला गेले.

मग एके सकाळी हॉस्टेलच्या ऑफिसात काकांचा, तुमच्या यजमानांचा, फोन आला. "ती लिहून दाखवते आहे की तुझं भूप ऐकायचंय. संध्याकाळी सहाला पुन्हा करतो. गाशील ना?" मी हो म्हणाले. दिवसभर गळा साफ करत बसले. सा लागेना. जो लागला तो ऐकून मला स्वतःचीच किळस आली. सहाला फोन वाजला, काका म्हणाले, "कानाला लावलाय तिच्या, गा." आणि मी टेपरेकॉर्डर रिसिव्हरसमोर धरून बटण दाबलं.

चार मिनिटं मी ऑफिसातल्या भिंतीकडे बघत उभी होते. गाणं संपलं. पलीकडे पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज आला, मग काका आले. "छान झालं गं. ती रडते आहे. पण हे काय लिहिलंय... 'श्वास ओळखला.' एवढंच आहे. म्हणजे काय गं?"

मला माहीत नाही, म्हणाले मी. कॅसेटवर माझ्याआधी तुमचा श्वास होता, शिळेसकट. तुमचं नाकाने श्वास घेणंसुद्धा थांबलं होतं आणि मी तुम्हाला तोच ऐकवला. आठ दिवसांनी तुम्ही गेलात. मी मातीला आले नाही, नंतर भेटायलाही नाही. काकांच्या डोळ्यांत बघायचं धैर्य नव्हतं.

ते उंचवटे बघितल्यावर दोन शनिवार मी वर्गाला गेले नाही. गाडी चालवताना रेडिओ लावून ठेवायचे, म्हणजे दुसरं काही ऐकू येणार नाही. एका संध्याकाळी लेक जेवताना माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या जर्मनमध्ये म्हणाली, "मम्मा, तू बोलायच्या आधी अशी थांबतेस का? कुणाची तरी वाट बघितल्यासारखी?" तेव्हा मी ठरवलं.

आमच्या कंपनीत एक खोली आहे. भिंतींना, छताला फोमच्या पाचरी लावलेल्या, दार बँकेच्या तिजोरीसारखं. आत आवाज भिंतीवरून परत येत नाही. टाळी वाजवली तर ती तिथल्या तिथे मरते. थोडा वेळ थांबलं की स्वतःचं रक्त वाहिल्याचं ऐकू येतं. नवी माणसं घाबरून बाहेर येतात. गाडी मधोमध उभी करून आम्ही तिथे मोजणी करतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होती. बाहेरच्या सहकाऱ्याला म्हणाले, माईक तपासायचेत. तो म्हणाला, "हो, हो, दहा मिनिटं घे," आणि सँडविच खायला गेला. मी दार ओढून घेतलं, समोर माईक ठेवला, हेडफोन लावले आणि जमिनीवर मांडी घातली.

मी गायले नाही. आधी श्वास रोखून बसले. काही हलत नव्हतं. कानात फक्त माझं काळीज. मग उजव्या बाजूने, अगदी जवळून, कुणीतरी श्वास घेतला. सावकाश, नाकाने, पोटापर्यंत. शेवटी शीळ. आणि तो तसाच धरून ठेवला.

खोटं नाही सांगत, मी वळून बघितलं नाही ते भीतीने नव्हे. तुम्ही पाठमोऱ्या असाल असं मला वाटलं. "बाई," म्हणाले, "त्या दिवशी मी गायले नव्हते. कॅसेट होती." शब्द तोंडाबाहेर पडताच विरून गेले, त्या खोलीत सगळेच विरतात. तुम्ही श्वास धरून होतात. किती वेळ धरणार एखादं माणूस? मग मी माझा घेतला आणि भूप गायले. आवाज जाडा झालाय, धैवत खरबरीत लागला, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण गायले. शेवटचा सा सोडला. आणि माझ्या उजव्या कानाजवळून, लांब, थकलेला, एक श्वास सुटला. तो संपायला फार वेळ लागला. मग खोलीत एकच माणूस होतं.

पुढच्या शनिवारी मी वर्गात चार ओळी गायले. ऑर्गनवाल्या बाईंनी बोट वर केलं. "गेनाऊ, बरोबर. एक." बेकरीवाले आजोबा मोकळ्या जागेकडे बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, "गेलं का ते माणूस?" मी मान डोलावली. ते एक पाऊल माझ्याकडे सरकले, पण अंग चोरून, जणू कुणाच्या खुर्चीत बसताहेत. मला हलकं वाटायला हवं होतं. घरी येताना गाडी रस्त्याकडेला थांबवून मी पुष्कळ रडले.

हे लिहून कुठे पाठवायचं? काकाही गेले, तुमचं घर पाडून तिथे क्लासेसची इमारत झाली असं भाऊ म्हणाला. म्हणून हे इथेच राहील. एक दुरुस्ती मात्र करते. वर मी लिहिलंय की पूर्ण गायले. अंतऱ्याची दुसरी ओळ मला आठवली नाही, बाई. तिथे मी नुसता आकार लावला आणि पुढे गेले.